नाताळच्या जेवणात टर्की नको असेल तर

टर्की भाजताना खरी अडचण एकच असते. तिच्या छातीचं मांस आणि तंगड्या एका वेळी तयार होत नाहीत. छातीचं मांस ७० अंश सेल्सियसच्या पुढे गेलं की कोरडं पडू लागतं, आणि तंगड्यांतला चिवटपणा सुटायला ८० अंशांच्या आसपास जावं लागतं. पक्षी जितका मोठा तितकी ही ओढाताण जास्त. त्यात पाच-सहा किलोची टर्की फ्रिजमध्ये नीट वितळायला दोन-तीन दिवस घेते आणि भाजायला अर्धा दिवस ओव्हन अडवून ठेवते. एवढं करून जेवणारे सहाच असतील तर हा खटाटोप कशासाठी?

पर्याय निवडताना आधी माणसं मोजा, मग ओव्हनचा आतला आकार मोजा. पदार्थ त्यानंतर ठरवा. आणि काहीही भाजणार असाल तरी मांसात खुपसायचा थर्मामीटर घ्याच. वजनावरून काढलेली मिनिटं हा निव्वळ अंदाज असतो. खाली दिलेलं तापमान साध्या ओव्हनचं आहे. पंखा चालू असेल तर २० अंश कमी ठेवा.

आठ जणांसाठी आमचं ठाम मत: दोन कोंबड्या. प्रत्येकी १.८ ते २ किलोची. चार तंगड्या मिळतात, त्यामुळे त्यावरून वाद होत नाहीत, आणि दोन्ही मिळून दीड तासाच्या आत तयार होतात. चव मात्र आदल्या दिवशीच ठरते. कोंबडीच्या वजनाच्या सव्वा टक्का मीठ घ्या, म्हणजे २ किलोला २५ ग्रॅम, बारीक मिठाचे साधारण चार सपाट चहाचे चमचे. त्यात एक चमचा बेकिंग पावडर मिसळा. (बेकिंग सोडा नव्हे, त्याची साबणासारखी चव उतरते.) कोंबडी धुऊ नका, धुताना उडणारे थेंब जंतू ओट्यावर आणि भांड्यांवर नेतात. कागदाने कोरडी टिपा, मीठ सगळीकडे चोळा, छातीवर आणि मांड्यांवर थोडं जास्त, आणि जाळीवर ठेवून फ्रिजच्या सगळ्यांत खालच्या कप्प्यात २४ तास उघडी ठेवा. मीठ आधी पाणी बाहेर काढतं, त्यात विरघळतं आणि हळूहळू आत मुरतं. मग भाजताना मांस आपलं पाणी सहज सोडत नाही. वरची कातडी दरम्यान वाळते, म्हणून ती कुरकुरीत होते. मीठ लावून तीन-चार तासांतच ओव्हनमध्ये घातलीत तर पाणी नुकतंच बाहेर आलेलं असतं आणि कातडी भाजण्याऐवजी वाफवली जाते.

अख्खी ठेवण्यापेक्षा कोंबडी चपटी करा. मजबूत कात्रीने पाठीचा कणा दोन्ही बाजूंनी कापून काढा, छाती वर येईल अशी उघडून ठेवा आणि छातीच्या हाडावर तळहाताने जोर द्या. कट् असा आवाज आला की झालं. आता तंगड्या आणि छाती एकाच पातळीवर येतात आणि तंगड्या बाहेरच्या, जास्त तापणाऱ्या बाजूला राहतात. २२० अंशांवर ४५ ते ५५ मिनिटं पुरतात. छातीच्या सर्वांत जाड भागात ७४ अंश दिसले पाहिजेत, थर्मामीटरचं टोक हाडाला टेकू न देता. बाहेर काढून १५ मिनिटं तशीच ठेवा. फॉइलने गच्च झाकलीत तर वाफेने कातडी पुन्हा मऊ पडेल. कापून काढलेले कणे फेकू नका. ते, मानेचे तुकडे, एक कांदा आणि एक गाजर दीड लिटर पाण्यात दोन तास मंद उकळलं की ग्रेव्हीचा स्टॉक तयार. सारण हवं असेल तर वेगळ्या भांड्यात भाजा. पोटात दाबून भरलेलं सारण ७४ अंशांना पोचेपर्यंत बाहेरचं मांस वाळून जातं.

चार जणांसाठी बदक. नाताळच्या ताटात याहून रुबाबदार दुसरं काही नाही. पण २.३ किलोचं बदक बघून सहा जणांचा हिशेब करू नका. हाडं आणि चरबी वजा जाता चार जणांना जेमतेम पुरतं. बदकाची सगळी कला चरबी बाहेर काढण्यात आहे. पोटाच्या तोंडाशी असलेले चरबीचे गोळे ओढून काढा. मग धारदार टोकाने कातडीला सगळीकडे, विशेषतः मांड्या जिथे अंगाला जोडलेल्या असतात तिथे, तिरकी टोचणी करा. टोक फक्त कातडी आणि चरबीत जायला हवं. खालच्या मांसाला भोक पडलं की त्यातून रस गळतो, तोच पुढे कातडीवर चिकट डाग बनवतो. वरून किटलीभर उकळतं पाणी ओता, कातडी आक्रसते. पुसून, मीठ लावून रात्रभर फ्रिजमध्ये उघडं ठेवा.

दुसऱ्या दिवशी खोल ट्रेवर जाळी, जाळीवर बदक, छाती खाली. १५० अंशांवर एक तास. मग उलटवा, पुन्हा हलकं टोचा आणि आणखी दीड ते दोन तास. दर तासाला ट्रेमधली चरबी वाटीत काढून घ्या, नाहीतर शेवटी आच वाढवल्यावर ती जळून घरभर धूर होतो. तंगडी हलवल्यावर सांध्यात सैल लागली की तापमान २२० करा आणि १५ ते २० मिनिटं डोळ्यांसमोर ठेवा. संत्र्याचा रस आणि मध लावायचा तर याच टप्प्यात, शेवटच्या दहा मिनिटांत. आधी लावलेला मध काळा आणि कडू होतो. सुरुवातीपासून २०० अंशांवर भाजलेलं बदक वरून सुंदर दिसतं, पण कातडीखाली पांढऱ्या चरबीचा जाड थर तसाच उरतो. बहुतेकांचं बदकाबद्दलचं वाईट मत इथूनच तयार होतं.

ती काढलेली चरबी म्हणजे या जेवणातली खरी कमाई. गाळून घ्या, फ्रिजमध्ये कित्येक आठवडे टिकते. बटाटे खारट पाण्यात ८-१० मिनिटं उकडा, निथळून भांड्यात हलवा म्हणजे कडा खरखरीत होतील, आणि आधीच तापलेल्या चरबीत २२० अंशांवर ४५ मिनिटं भाजा. गार चरबीत टाकलेले बटाटे तळाला चिकटतात.

हंसाला हीच रीत, फक्त सगळं मोठं. साडेचार-पाच किलोचा हंस सहा ते आठ जणांना पुरतो आणि अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त चरबी सोडतो. लहान ओटीजीत तो बसत नाही, म्हणून विकत घेण्याआधी माप घ्या.

पक्षी नकोच असेल आणि यजमानाला त्या दिवशी पाहुण्यांमध्ये बसायचं असेल, तर कोकराचा हाडासकट खांदा घ्या. मांडीपेक्षा खांदाच, कारण त्यात चरबी आणि चिवट पडदे भरपूर असतात आणि तेच मंद आचेवर विरघळून मांसाला रसाळपणा देतात. २ ते २.५ किलोला २५ ते ३० ग्रॅम मीठ, मिरी, सुरीने केलेल्या भोकांत लसणाच्या पाकळ्या. खाली जाड कापलेले कांदे आणि ३०० मिली स्टॉक. ट्रे फॉइलने घट्ट झाका आणि १५० अंशांवर चार ते साडेचार तास ठेवा. अडीच तासांनी उघडून पाहिलंत तर मांस चिवट लागेल आणि जास्त शिजलं असं वाटून तुम्ही ते बाहेर काढाल. तसं करू नका. आतलं तापमान ९० ते ९५ अंशांपर्यंत जाऊन काही वेळ तिथे राहिल्याशिवाय हा चिवटपणा जात नाही. हाड फिरवल्यावर सहज सुटलं पाहिजे. मग फॉइल काढून २२० अंशांवर २० मिनिटं. हे आदल्या दिवशी करून, रसासकट झाकून दुसऱ्या दिवशी गरम केलं तरी उत्तम लागतं, आणि गार झाल्यावर वर जमलेली चरबी अलगद काढता येते.

शिजवलेला तयार हॅम तर नुसता गरमच करायचा असतो: १६० अंशांवर झाकून, आत ६० अंश होईपर्यंत. साखर-मोहरीचा लेप शेवटच्या २५ मिनिटांत. सॅमनची अख्खी बाजू हवी असेल तर दीड किलोला १८० अंशांवर २०-२५ मिनिटं पाहा. वर पांढरा साका येऊ लागला म्हणजे मासा जास्त शिजतोय.

आणि शाकाहारी पाहुण्यांच्या ताटात नुसत्या भाज्या वाढू नका. त्यांच्यासाठीही मधोमध ठेवून कापायचा एक पदार्थ असायला हवा. सुकामेव्याचा रोस्ट त्यासाठी चांगला: २५० ग्रॅम अक्रोड, काजू, बदाम १७० अंशांवर दहा मिनिटं भाजून जाडसर कापा. मिक्सरमध्ये पूड केलीत तर तेल सुटून लगदा होतो. एक मोठा कांदा आणि २५० ग्रॅम मशरूम बारीक चिरून, मशरूमचं पाणी पूर्ण आटेपर्यंत परता. त्यात २०० ग्रॅम शिजवून निथळलेले अख्खे मसूर, १०० ग्रॅम ब्रेडचा चुरा, १०० ग्रॅम किसलेलं चीज, दोन अंडी, एक चमचा मीठ. अंडं चालत नसेल तर दोन मोठे चमचे जवसाची पूड सहा मोठे चमचे पाण्यात १५ मिनिटं भिजवून घाला. सुमारे ९०० ग्रॅम मावेल अशा, बेकिंग पेपर लावलेल्या ब्रेडच्या साच्यात दाबून भरा, १८० अंशांवर ४० मिनिटं झाकून आणि १५ ते २० मिनिटं उघडं भाजा. काप फुटतात त्याची कारणं बहुधा दोनच: मशरूमचं पाणी राहिलं, किंवा रोस्ट गरम असतानाच कापला. साच्यातच १५ मिनिटं थांबा, मग दातेरी सुरीने कापा. ग्रेव्हीही वेगळी करा, दोन मोठे चमचे लोण्यात तेवढंच पीठ भाजून, त्यात वाळलेल्या मशरूमचं अर्धा लिटर भिजवणीचं पाणी, तळाशी बसलेली रेती मागे ठेवून.