दशावताराचं नाटक एका फाइलीत: टू-पासला बिटरेट (दर सेकंदाला किती बिट) किती द्यायचा?

जत्रेतल्या दशावताराचं 4 तासांचं शूटिंग मुंबईच्या चाकरमान्यांना पेन ड्राइव्हवर हवं असतं. घरचे बरेच जुने टीव्ही फक्त फॅट32 या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला पेन ड्राइव्ह वाचतात, आणि फॅट32 वर एक फाइल 4,29,49,67,295 बाइटच्या पुढे जात नाही. टू-पास, म्हणजे व्हिडिओ दोनदा तपासून ठरलेल्या साइझमध्ये बसवणारं एन्कोडिंग, खरा उपयोगी पडतो तो इथे. साइझचं बंधनच नसेल तर सीआरएफ (दर्जा ठरवायचा, साइझ येईल ती येईल) लावून मोकळं व्हावं. सरासरी बिटरेट सारखाच आला तर दोन्हींच्या चित्रात डोळ्याला फारसा फरक दिसत नाही.

बिटरेट अंदाजाने टाकू नका, हिशोबाने काढा. बाइटला 8 ने गुणा आणि सेकंदांनी भागा. 4 तास म्हणजे 14,400 सेकंद, म्हणून उत्तर येतं सुमारे 2386 केबीपीएस, म्हणजे सेकंदाला तितके किलोबिट. कंटेनर (चित्र आणि आवाज एकत्र बांधणारी फाइल) आणि थोडी चूकभूल म्हणून 2 टक्के सोडले की उरतात 2338. त्यातून ऑडिओचे 160 वजा करा. इथे कंजुषी नको, कमी बिटरेटला झांज किरकिरते आणि ते कानाला लगेच खटकतं. राहिले 2178, एन्कोडरला 2150 सांगा. किलोबिट म्हणजे 1000 बिट. 1024 ने भागलंत तर आकडा उगाच कमी येतो आणि हाताशी असलेले बिट वाया जातात.

आता 2150 मध्ये भागतंय का ते बघायचं. 1080पी, सेकंदाला 25 फ्रेमला एका पिक्सेलच्या वाट्याला साधारण 0.04 बिट येतो, 720पीला 0.09. एच.264 या नेहमीच्या व्हिडिओ फॉरमॅटसाठी पहिला आकडा फारच तुटपुंजा आहे. स्वच्छ 720पी हे चौकोन पडलेल्या 1080पीपेक्षा कधीही चांगलं.

नुसत्या आकड्यावरही विसंबू नका. संवादाचा आणि लढाईचा 2-2 मिनिटांचा तुकडा काढा, 720पी, सीआरएफ 21 ला एन्कोड करा आणि बिटरेट बघा. मागे पडदा, पुढे बाकडं, कॅमेरा स्टँडवर आणि राजा बसून बोलतोय, अशा प्रसंगाला फार बिट लागत नाहीत. लढाईला मात्र मुकुटाची चकचक, उडणारे शेले, गरगर फिरणारी पात्रं, सगळं एकदम येतं. समजा संवादाला 1200 लागले, लढाईला 4000, आणि नाटकात संवाद पाऊण हिस्सा आहे. सरासरी झाली 1900. म्हणजे 2150 पुरतात.

पहिल्या पासात एन्कोडर कुठली फ्रेम किती अवघड हे टिपून ठेवतो, दुसऱ्यात त्याप्रमाणे बिट वाटतो. म्हणून मॅक्सरेट, म्हणजे बिटरेटची वरची मर्यादा, सरासरीला चिकटवू नका. 2500 ठेवलात तर संवादात वाचवलेले बिट लढाईला मिळणारच नाहीत. 6000 मॅक्सरेट, 12,000 बफर (ही मर्यादा किती बिटांच्या साठ्यावर मोजायची ते) ठेवा.

सगळ्यात जास्त बिट खातो तो अंधारातला नॉइज, म्हणजे चित्रातले ठिपके. देवळाच्या आवारात प्रकाश कमी म्हणून कॅमेऱ्याचा गेन (सिग्नल वाढवून चित्र उजळ करणं) चढवलेला असतो, आणि काळ्या भागात सतत वळवळणारे ठिपके एन्कोडरला आधीच्या फ्रेमवरून ओळखता येत नाहीत. ठिपके कमी करणारा हलका डिनॉइज फिल्टर लावा, पण दोन्ही पासांत तोच. क्रॉप, डीइंटरलेस (ओळी आळीपाळीने टिपलेल्या चित्राची सलग फ्रेम करणं), फ्रेमरेट यांचंही तसंच. दोन पासांतल्या फ्रेमची संख्या जुळली नाही की पहिल्या पासाची नोंद फुकट जाते. एकाच फोल्डरमध्ये दोन एन्कोड एकदम सुरू केलेत आणि पहिल्या पासाची नोंद ठेवणाऱ्या लॉग फाइलला वेगळं नाव दिलं नाहीत, तर एकाची नोंद दुसरा पुसतो.

फाइल तयार झाली की थेट लढाईवर जा, तेही टीव्हीवर, लॅपटॉपवर नको. तिथे चौकोन दिसलेच तर पूर्वरंग, म्हणजे मुख्य कथेआधीचा भाग, वेगळ्या फाइलीत काढा. गणपती, रिद्धी-सिद्धी, संकासुर तिकडे गेले आणि आख्यान, म्हणजे मुख्य कथा, 3 तासांचं उरलं, तर त्याच मर्यादेत व्हिडिओला 2950 पर्यंत देता येतात.