शून्यांनी धरलेली जागा

परवा दादरला आईची अंगठी सोनाराकडे वजनाला दिली. काट्यावर आलं 4.500. मी म्हटलं, "साडेचार ग्रॅम." अकरावीतली भाची लगेच म्हणाली, "मामा, दोन शून्यं खाल्लीस की!"

बरोबर होतं तिचं. तो काटा मिलिग्रॅमपर्यंत मोजतो, म्हणजे ती दोन्ही शून्यं मोजून आलेली. सार्थ अंक, म्हणजे खरोखर मोजून आलेले अंक, चार. नुसतं 4.5 लिहिलं तर दोनच, पुढचं काय ते देव जाणे.

परतताना लोकलमध्ये तिने वहीत तेच किलोत लिहिलं : 0.004500. आता डावीकडे आणखी तीन शून्यं आली, पण ती मोजायची नाहीत. ती म्हणजे सीटवर टाकलेला रुमाल, फक्त जागा धरणारी. एकक बदललं की गायब. दोन अंकांमधलं शून्य मात्र पक्कं, 4.05 मधलं कोण काढणार?

खरा घोळ 4500 मिलिग्रॅमचा. दशांशचिन्ह नसलं की शेवटची शून्यं मोजलेली की भरतीची, कळत नाही. म्हणून 4.500 × 10³ लिहायचं. मला शाळेत ही भानगड निव्वळ छळ वाटायची.

एव्हरेस्टचीही गोष्ट अशीच. 1856 साली जाहीर झालेली उंची 29,002 फूट. हिशोबात नेमके 29,000 आले होते, पण लोक अंदाजपंचे म्हणतील म्हणून दोन फूट वाढवले, असं सांगतात. भाचीला हे इतकं आवडलं की माटुंगा कधी गेलं कळलंच नाही.