गियावर भाड्याने घर मिळेल का?

ग्लासगोत राहून कंटाळा आला की आम्ही बोटीने कुठल्यातरी बेटावर जातो, ह्यावेळी गिया (Gigha), स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळचं छोटंसं बेट. स्पेलिंग वाचून गिघा म्हणालात तर लोक हसतात, मी म्हणाले होते 😄

समोरच्या किनाऱ्यावरच्या टेयिनलोन गावाहून फेरीने वीस मिनिटं. २००२ साली इथल्या लोकांनी ४० लाख पौंडांना आख्खं बेटच विकत घेतलं, तेव्हा वस्ती होती फक्त ९८. ह्यातले १० लाख कर्जाऊ होते, ते दोन वर्षांत फेडले पण, त्यासाठी जुन्या मालकाचा मोठा बंगला विकला (मला हे फार आवडलं!).

पण खरी डोकेदुखी घरांची. मालकाच्या काळातली बहुतेक घरं ओल धरलेली, मोडकळीला आलेली, आणि तरुण पोरांना भाड्याने घरच नाही म्हटल्यावर ती थांबणार कशी, आणि पोरं नाहीत तर शाळा कोणासाठी? मग बेटाची मालकी आता ज्याच्याकडे आहे त्या गावकऱ्यांच्या ट्रस्टने जुनी घरं दुरुस्त करायला घेतली, हाउसिंग असोसिएशनने परवडणारी नवी भाड्याची घरं बांधली, आणि तीन पवनचक्क्या लावून वीज विकायला सुरुवात केली. त्यांना लाडाने 'नाचणाऱ्या बायका' म्हणतात.

बांधकाम मात्र महाग, कारण सिमेंटपासून खिळ्यापर्यंत सगळं बोटीनेच येणार.