साखर उतरली, एलडीएल मात्र चढले

गेल्या वर्षी माझे एचबीएवनसी, म्हणजे मागच्या तीनेक महिन्यांतल्या सरासरी साखरेचा आकडा, ८.४ आले, तेव्हा कोणालाही न विचारता मी जेवणातली कर्बोदके एकदम कमी केली. वय एक्कावन्न, मधुमेहाला नऊ वर्षे झालेली आणि राहणे जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यात, त्यामुळे कर्बोदके कमी करणे म्हणजे कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) दोन भाकरींवरून अर्ध्या भाकरीवर येणे आणि भातासोबत दारातली केळीही सोडणे. चौथ्याच दिवशी शाळेत फळ्यापाशी उभी असताना हात थरथरू लागले, घाम फुटला. ग्लुकोमीटरवर साखर ६२ होती, म्हणजे फारच कमी. जेवण कमी केले होते, पण साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी पूर्वीइतकीच चालू होती. डॉक्टरांनी ती निम्मी केली आणि मधुमेहाचे दुसरे औषध, मेटफॉर्मिन, तसेच ठेवले. आहार बदलण्यापूर्वीच त्यांच्याकडे जायला हवे होते.

चार महिन्यांनी एचबीएवनसी ६.६ वर आले आणि वजन सहा किलोने उतरले. लिपिड प्रोफाइलमध्ये, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीत, ट्रायग्लिसराइड ही चरबी २६० वरून ११० वर आली होती, एचडीएल, म्हणजे चांगले कोलेस्टेरॉल, ३६ वरून ४४ झाले होते, पण एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ११७ वरून थेट १६६ झालेले पाहून माझ्या पोटात गोळा आला. धाकट्या भावाचे म्हणणे, "ताई, ट्रायग्लिसराइड उतरलं ना, मग एलडीएलकडे बघूच नको." मला ते पटेना.

डॉक्टरांनी अहवालाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडून दाखवला. माझे एलडीएल प्रत्यक्ष मोजलेले नव्हते, ते १९७२ च्या फ्रीडवाल्ड सूत्राने काढलेले होते: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचे आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भागही वजा करायचा. पूर्वी २०५ मधून ३६ आणि ५२ वजा होत होते, आता २३२ मधून ४४ आणि केवळ २२. म्हणजे एलडीएलमध्ये दिसणाऱ्या ४९ च्या वाढीतला तीसचा वाटा ट्रायग्लिसराइड उतरल्यामुळे वजाबाकीची रक्कम लहान झाल्याचा होता. मला क्षणभर हायसे वाटले, पण त्यांनी लगेच दुसरी वजाबाकी करून दाखवली. एकूण कोलेस्टेरॉलमधून फक्त एचडीएल वजा केल्यावर जे उरते, ते नॉन-एचडीएल, आणि त्यात रक्तवाहिन्यांना घातक अशा सगळ्याच कणांमधले कोलेस्टेरॉल येते. तो आकडाही १६९ वरून १८८ वर गेला होता. सूत्राकडे बोट दाखवून वाढ झटकून टाकता येणार नाही, हे मला तिथेच उमगले.

थायरॉइड मंदावले तरी एलडीएल वाढते, म्हणून थायरॉइडची टीएसएच ही रक्ततपासणी केली. ती योग्य निघाली. वजन भराभर उतरत असतानाही एलडीएल काही काळ वाढू शकते, असे त्यांनी सांगितले, आणि मग विचारले, "भाकरीच्या जागी काय खाता?"

उत्तर स्वयंपाकघरात होते. भूक भागावी म्हणून मी भरितावर तूप, डाळीवर तूप आणि दह्यावर साय घेत होते. आठवडाभर वाटीतले तूप मोठ्या चमच्याने मोजून घेतले, तर रोजचे चार चमचे भरले. तुपातील अर्ध्याहून अधिक भाग संपृक्त स्निग्धांशाचा असतो, आणि ते वाढले की रक्तातील एलडीएल ओढून घेणारे यकृताचे रिसेप्टर कमी होतात. कर्बोदके कमी करण्यात माझी चूक नव्हती, चूक त्यांची जागा तुपाला देण्यात झाली होती, आणि हा फरक मला आजही फार महत्त्वाचा वाटतो.

भाकरी अर्धीच ठेवली. तूप दिवसाला एक लहान चमचा केले, साय बंद केली, आणि बामणोदच्या वांग्यांचे भरीत पूर्वीसारखे शेंगदाणा तेलात, दाणे आणि पातीचा कांदा घालून होऊ लागले. मेथी, गवार आणि मोड आलेली मटकी वाढवली. दोन महिन्यांनी एलडीएल १३० आले आणि साखर जागेवर राहिली.

तरीही मधुमेह आणि वय पाहता डॉक्टरांना ते शंभराच्या आत हवे होते, म्हणून त्यांनी कोलेस्टेरॉल उतरवणारी रोसुवास्टॅटिन १० मिलिग्रॅमची गोळी सुरू केली. गोळी न घेता आहारावरच निभावेल, अशी माझी फार इच्छा होती. आठवडाभर विचार करून मग ती घेतली. त्यानंतरच्या तपासणीत एलडीएल ८५ आणि नॉन-एचडीएल १०५ आले, ट्रायग्लिसराइड शंभर होते. चारही अहवाल मी एकाच फाइलमध्ये लावले आहेत, आणि प्रत्येकावर नॉन-एचडीएलचा आकडा पेन्सिलीने स्वतः काढून लिहिला आहे.