पाठीवरचा ११ कुणाचा?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आणि विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. मार्च ते सप्टेंबर इथे मेलबर्नला फुटी, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल, चालतो; मॅचच्या दिवशी माझ्या टीमचा पाठीवर ११ असलेला जम्पर, म्हणजे जर्सी, चढवून मी घराबाहेर पडले, की कुणी ना कुणी विचारतंच. ट्रेनमध्ये नव्याने आलेली आपली पोरं विचारतात. गणपतीच्या मीटिंगला मॅचवरून थेट पोचले, तर तिथे विचारतात. सांगलीहून सासूबाई व्हिडिओ कॉल लावतात, त्याही विचारतात: "अगं, हा ११ कुणाचा? काही शुभ असतं का?"

उत्तर दोन शब्दांचं आहे. मॅक्स गॉन. पण मग मॅक्स गॉन कोण, तो करतो काय, आणि पन्नाशीकडे झुकलेल्या बाईने त्याचा नंबर पाठीवर का वागवावा, हे सांगेपर्यंत स्टेशन येतं. म्हणून एकदा नीट सांगून टाकते. पुढच्या वेळी हेच वाचायला देईन.

आम्ही मेलबर्नला आलो २०११ मध्ये. ऑफिसात पहिल्या आठवड्यात मला कुणी गाव विचारलं नाही, जेवणात काय खाता विचारलं नाही. तिघांनी विचारलं, टीम कोणती? शहर मेलबर्न, म्हणून मी म्हटलं मेलबर्न. सगळे हसले, आणि मग एकाने मयताला आल्यासारखा खांद्यावर हात ठेवला. या एका शहरात फुटीचे नऊ क्लब आहेत आणि मेलबर्न हे त्यातल्या फक्त एकाचं नाव, हे मला कुठलं माहीत! क्लब सगळ्यांत जुना, आणि दिवस सगळ्यांत वाईट. त्याच जुलैत जिलाँगने आम्हाला १८६ पॉइंटांनी धुतलं. नवरा शहाणा. त्याने वर्षभर चौकशी केली आणि मग कॉलिंगवूड धरलं. तू अर्ज न वाचता सही केलीस, असं तो अजून म्हणतो.

"क्रिकेट सोडून हे काय बघतेस?" असं माझा भाऊ विचारतो, त्याचंही उत्तर इथेच देते. हा खेळ क्रिकेटवाल्यांनीच काढला. टॉम विल्स हा व्हिक्टोरियाचा क्रिकेटर. हिवाळ्यात खेळाडूंचं अंग आखडू नये म्हणून काहीतरी सुरू करा, असं पत्र त्याने १८५८ मध्ये वर्तमानपत्राला लिहिलं आणि पुढच्या वर्षी नियम कागदावर उतरले. म्हणून मैदान अजून क्रिकेटचंच, लांबट गोल. एका बाजूला अठरा जण. मधल्या दोन उंच खांबांतून लाथेने चेंडू गेला तर सहा पॉइंट, बाजूच्या खांबांमधून गेला तर एक. बाकीचं बघता बघता कळतं.

मॅक्स गॉन ज्या जागी खेळतो तो रकमन मात्र कुणीतरी समजावून द्यावा लागतो. मला समजावला तो एमसीजीवर, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर, शेजारच्या सीटवरच्या आजींनी. डोक्यावर लोकरी टोपी, गळ्यात बॅजांनी जड झालेला मफलर, मांडीवर थर्मास. मी डब्यातून थालीपीठ काढलं, त्यांनी अर्धं घेतलं आणि मोबदल्यात शिकवणी सुरू केली. म्हणाल्या, पोरी, तू चेंडू बघतेस. चेंडू बघू नकोस, मधल्या त्या दोन ताडांकडे बघ.

प्रत्येक क्वार्टरच्या सुरुवातीला आणि प्रत्येक गोलनंतर चेंडू मैदानाच्या मध्यावर येतो. दोन्हीकडचा सगळ्यांत धिप्पाड माणूस धावत येतो, गुडघा वर घेऊन उडी मारतो आणि चेंडूला हात लावायला बघतो. पकडायचा नसतो, टोलवायचा असतो. तोही नुसता लांब नाही, खाली आपला जो बुटका पळत येतोय त्याच्या ओंजळीत. आपली दहीहंडी उलटी केली की रकमन कळतो. आपल्याकडे दांडगे खाली उभे राहतात आणि काटकुळं पोरगं वर जाऊन हंडी फोडतं. इथे दांडगा वर जातो, आणि लोणी खाली उभ्या पोरांच्या तोंडात. दुसऱ्या दिवशी फोटो त्या पोरांचे येतात. रकमनचे गुडघे तेवढे जातात. हवेत गुडघ्यावर गुडघा आदळून इतके लोक जायबंदी होत होते, की २००५ मध्ये धावत येण्यावर मर्यादा म्हणून दहा मीटरचं वर्तुळ आखलं. अंपायर चेंडू जमिनीवर आपटून उंच उडवायचा, तो कुठेही तिरका जायचा, त्यात खरी गंमत होती. २०२६ पासून मध्यावरचं ते आपटणंही बंद करायचं ठरलं, आता चेंडू सरळ वर फेकायचा. आजींना हे आवडणार नाही.

"११ नंबर बघितलास का?" हेही त्यांनीच विचारलं होतं, आणि मग जिम स्टाइन्सची गोष्ट सांगितली. मी आजही ती जशीच्या तशी सांगते.

जिम स्टाइन्स डब्लिनचा. तिकडच्या गेलिक फुटबॉलचा चेंडू गोल असतो, इथला अंड्यासारखा लांबट. मेलबर्नचा तेव्हाचा कोच रॉन बरासी याला वाटलं, आयर्लंडहून पोरं आणून त्यांना आपला खेळ शिकवला तर? १९८४ मध्ये अठरा वर्षांचा जिम आला. १९८७ मध्ये त्याच्या पहिल्याच सीझनला क्लब प्रिलिमिनरी फायनलला पोचला, म्हणजे ग्रँड फायनलच्या उंबऱ्यावर. हॉथॉर्नविरुद्ध शेवटच्या क्षणी आम्ही पुढे होतो. चेंडू हॉथॉर्नच्या गॅरी बकेनाराकडे, अंतर लांब, आणि आमचा जिम नियम विसरून किक मारणाऱ्याच्या पुढ्यातून पळत गेला. दंड म्हणून बकेनाराला पंधरा मीटर पुढे आणलं. भोंगा वाजून गेल्यावर त्याने गोल मारला आणि आम्ही दोन पॉइंटांनी हरलो.

परक्या देशात, परक्या खेळात, सगळ्यांसमोर असं झाल्यावर मी तर पहिल्या विमानाने सांगली गाठली असती. तो राहिला. १९९१ मध्ये त्याने ब्राउनलो मेडल घेतलं, म्हणजे लीगमधला सर्वोत्तम खेळाडू. ओळीने २४४ मॅच खेळला, एकही न चुकवता, आणि तेही रकमन म्हणून, त्या गुडघ्यांसकट. हा विक्रम २०२५ पर्यंत टिकला, मग कॉलिंगवूडच्या जॅक क्रिस्पने मोडला. पुढे क्लब कर्जात बुडत असताना अध्यक्ष होऊन त्याने तो वर काढला. त्याच काळात त्याला कॅन्सर झाला. २०१२ च्या मार्चमध्ये तो गेला.

त्याने सुरुवात केली ३७ नंबरवर, मग ११ घेतला. मॅक्स गॉन आला तेव्हा त्यालाही आधी ३७ मिळाला, मग ११. दोनशे आठ सेंटिमीटर उंची, दाढी साधूसारखी. पुढे तो कॅप्टन झाला.

आता २०२१ सांगते. १० सप्टेंबर, शुक्रवार, गणेश चतुर्थी. मेलबर्नला लॉकडाउन, रात्री नऊनंतर कर्फ्यू, मॅच तिकडे पर्थला. घरात चौघंच, बाप्पा आणि आम्ही तिघं. आरती मॅचच्या आधी उरकायची असं ठरलं होतं, पण उकडीने दगा दिला आणि टीव्ही आवाज बंद करून चालू ठेवावा लागला. समोर जिलाँग, तेच १८६ वाले. त्या रात्री गॉनने पाच गोल मारले. रकमनने पाच गोल म्हणजे लग्नात भटजींनीच उठून नाचावं तसं. आम्ही ८३ पॉइंटांनी जिंकलो. एका गोलला मुलीने इतक्या जोरात टाळी वाजवली की तबकातलं निरांजन विझलं, आणि कॉलिंगवूडवाल्या माझ्या नवऱ्याने काही न बोलता ते परत लावलं. दोन आठवड्यांनी ग्रँड फायनल. तिसऱ्या क्वार्टरमध्ये १९ ने मागे होतो, जिंकलो ७४ ने. १९६४ नंतर पहिल्यांदा. त्याच महिन्यात मी जम्परवर ११ शिवला, हातशिलाईने, दुहेरी दोऱ्याने. क्लबवाले याला औपचारिकपणे गर्न्सी म्हणतात, इंग्लंडजवळच्या त्या नावाच्या बेटावरच्या कोळ्यांच्या लोकरी स्वेटरवरून. इथे सगळे जम्परच म्हणतात.

मुलीने मात्र ६ शिवून घेतला. ल्यूक जॅक्सनचा. दुसरा रकमन, वयाने कोवळा, हरणासारखा पळणारा, म्हणून तिचा जीव त्याच्यावर.

आणि इथे येतो ट्रेड. सीझन संपला की ऑक्टोबरात, आपल्या दसऱ्याच्या आगेमागे, क्लब एकमेकांशी खेळाडूंची अदलाबदल करतात. आयपीएलसारखी बोली लागत नाही, क्लबांत पैशांची देवघेव होत नाही. खेळाडूच्या बदल्यात खेळाडू, नाहीतर ड्राफ्टचा पिक, म्हणजे नवी पोरं निवडताना कितवा नंबर ते. पुढच्या वर्षीचा पिकसुद्धा आजच देऊन टाकता येतो. माझ्या वडिलांना हे मी एका वाक्यात समजावलं: पुढच्या हंगामाच्या उसावर आत्ताच उचल. ते म्हणाले, मग हे लोक बुडणार.

२०२२ च्या ऑक्टोबरात जॅक्सनने सांगितलं, मला घरी जायचंय, पश्चिमेला. तिकडच्या फ्रीमँटल क्लबाने त्या वर्षीचा आणि पुढच्या वर्षीचाही पहिल्या फेरीचा पिक दिला आणि तो गेला. मुलगी दोन दिवस धड जेवली नाही. मी कात्री घेऊन ६ उसवायला बसणार, तोच बातमी आली की कॉलिंगवूडचा ब्रॉडी ग्रंडी आमच्याकडे येतोय. देशातला पहिल्या दोनांतला रकमन, सात वर्षांचा करार असलेला. पगार जड झाला म्हणून त्यांनी तो अवघ्या २७ नंबरच्या पिकात सोडला, वर "पगाराचा काही भाग आम्हीच देतो" म्हणाले. ग्रंडीला नंबर कुठला मिळाला? ६. जम्पर वाचला. नवऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

त्या हिवाळ्यात आमच्या घरात जे वाद झाले, ते सासूबाईंपर्यंत पोचले. नवऱ्याचं म्हणणं, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. शिवाय रकमनचं उगाच कौतुक होतं. चेंडू टोलवला कुणीही, खालच्या पोराने उचलला तर उपयोग. मी म्हणायचे, थकलेल्या गॉनच्या जागी तितकाच ताजा माणूस आला तर समोरच्याने करायचं काय? कागदावर मी बरोबर होते. पण एक रकमन मध्यावर असताना दुसऱ्याने पुढे गोलपाशी उभं राहून उंच चेंडू झेलायचे असतात. जॅक्सनला ते जमायचं. ग्रंडी त्या जागी चुकून दुसऱ्याच्या लग्नात आलेल्या पाहुण्यासारखा दिसायचा. सीझन संपता संपता त्याला टीमबाहेर ठेवलं, फायनल्समध्ये तो खेळलाच नाही, आणि ऑक्टोबरात सिडनीच्या क्लबात गेला. कॉलिंगवूडने त्याच वर्षी, त्याच्याशिवाय, चार पॉइंटांनी ग्रँड फायनल जिंकली. त्या रात्री नवऱ्याने श्रीखंड आणलं. मी खाल्लं. रागावर श्रीखंड का सोडायचं?

६ नंबर पुन्हा मोकळा झाला, आणि ड्राफ्टमधून आलेल्या अठरा वर्षांच्या पोराला मिळाला. म्हणजे एका जम्परचे तीन मालक झाले आणि टाका एकही उसवला नाही. मुलगी आता म्हणते, आई, मी माणसाला नाही, नंबरला सपोर्ट करते. मला हे आधी पटलं नव्हतं. मग ३१ ची गोष्ट आठवली.

मघाशी ज्या रॉन बरासीचं नाव आलं, त्याच्या वडिलांचंही नाव रॉन. मेलबर्नकडून खेळायचे, नंबर ३१. १९४१ मध्ये तोब्रुकच्या लढाईत ते मारले गेले, तेव्हा मुलगा पाच वर्षांचा होता. मोठा झाल्यावर तो त्याच क्लबात आला आणि त्याने तोच ३१ घातला, आजोबांचं नाव नातवाला ठेवावं तसा. सहा प्रीमियरशिप, म्हणजे लीगची विजेतेपदं, जिंकली आणि १९६४ नंतर उठून दुसऱ्या क्लबात, कार्लटनला गेला. इतका मोठा धक्का, की म्हातारे लोक अजून त्यावर बोलतात. २०२१ च्या फायनलला आमच्याकडून बेली फ्रिच नावाच्या मुलाने सहा गोल मारले. त्याच्या पाठीवर ३१ होता, आणि बरासी तो बघायला हयात होते.

आपल्याकडे याच्या उलट. २०१७ मध्ये कोलंबोला आपल्या पालघरच्या शार्दूल ठाकूरने १० नंबर घातला, तर लोकांनी त्याला इतकं झोडपलं की पोराने नंबर बदलला. मग तो १० कायमचा कपाटात गेला, पुढे धोनीचा ७ सुद्धा. मला हे पटत नाही. सचिनचा नंबर एखाद्या घाबरलेल्या पोराच्या पाठीवर बघायला मला जास्त आवडलं असतं. इथेही कपाटात गेलेले नंबर आहेत, कॉलिंगवूडचा ४२ आहे. पण आमच्या क्लबाचा २० नंबर ज्याच्याकडे होता, तो ट्रॉय ब्रॉडब्रिज २००४ च्या त्सुनामीत थायलंडमध्ये मारला गेला, लग्नाला आठवडाभरच झाला होता. क्लबाने दोन सीझन २० कुणालाच दिला नाही. तिसऱ्या वर्षी एका नव्या पोराला दिला.

परवा सासूबाईंना फोनवर हे सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी निवडायचे गहू बाजूला ठेवून ऐकलं. मग म्हणाल्या, "म्हणजे त्या दाढीवाल्याचं वय काय आता?"

"चौतीस."

"अगंबाई. गुडघ्यांचं काम, आणि चौतीस. मग त्याच्यामागे ११ कुणाला देणार?"

एमसीजीवर आमच्या रांगेत सगळे याच एका गोष्टीवरून भांडतात, हे त्यांना सांगणार, तेवढ्यात नवरा स्वयंपाकघरातून ओरडला, "आई, काळजी नको, आमच्याकडचा एक देऊ पाठवून. २७ नंबरच्या पिकात!"