समुद्राच्या मधात गोड्या पाण्याच्या विहिरी

यांच्या यवतमाळच्या मित्रानं जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरचं फिरतं घर करून ठेवलंय, मागं झोपायला दोन बर्थ, गॅसची शेगडी, छोटं बेसिन, पाण्याची टाकी, सगळं आहे त्यात. कापसाचा मोठा वेचा घरात आला, हरभऱ्याच्या ओलिताचं भाऊजींनी अंगावर घेतलं, मग आम्ही दोघं ती गाडी घेऊन दारव्ह्याहून निघालो. नांदेड, लातूर, सोलापूर, कोल्हापूर आणि मग फोंडा घाटानं खाली कोकणात. रस्त्याचं नंतर कधीतरी सविस्तर लिहीन, आज मालवणच्या त्या एका दिवसाचंच सांगते कारण तो दिवस डोक्यातून जातच नाही.

रात्री तारकर्लीत एका माडाच्या वाडीत गाडी लावली होती, मालकानं थोडे पैसे घेऊन लाइटचं कनेक्शनही दिलं. सकाळी किनाऱ्यावर गेलो तर रापण चालू होती. मी तर पहिल्यांदाच पाहिली. होडीतून जाळं समुद्रात अर्धगोल टाकत नेतात आणि त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणतात, मग दोन टोळ्या ते दोर ओढत ओढत एकमेकींच्या जवळ येत जातात. तासभर तरी ओढणं चाललं असेल, म्हातारे, पोरं, बाया, सगळे मागं रेलून ओढतात, शेवटचा माणूस दोर सोडून परत पाण्यात पुढं जाऊन धरते. हे पण चपला काढून लागले ओढायला, कोणी नाही म्हटलं नाही. जाळ्याची खोळ वाळूवर आली तेव्हा आत बांगडे, तारले, काहीबाही बारीक मासळी असं सगळं उड्या मारत होतं, बांगड्याची पाठ जिवंतपणी इतकी हिरवी-निळी असते हे बाजारात बर्फातला बांगडा पाहून कधीच कळणार नाही. मासळीचे वाटे पडतात तिथं, जो ओढायला आहे त्याचा वाटा, जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा. आपल्याकडं वेचणीला किलोवर मजुरी असते, इथं आलं तर सगळ्यांना नाही तर कोणालाच नाही. आम्ही बांगडे विकत घेतले आणि गाडीबाहेर शेगडी मांडून आपल्याच काळ्या मसाल्यात केले, सोबत ज्वारीची भाकर. खूप छान लागले.

दुपारी मालवणच्या जेट्टीवरून होडीनं सिंधुदुर्ग. पावसाळ्यात या होड्या बंद असतात, त्यामुळे जायचं तर थंडीतच जा. शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ला या किल्ल्याचं काम सुरू केलं, बांधणारे हिरोजी इंदुलकर, पायाच्या दगडांत शिसं ओतलेलं आहे. होडी पार जवळ जाईपर्यंत दरवाजा कुठं आहे तेच दिसत नाही, तट असा वळवून दरवाजा आत लपवला आहे. आत महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा आहे, शिवराजेश्वराचं मंदिर आहे, तिथं डोकं टेकवलं तेव्हा हे बराच वेळ उठलेच नाहीत.

पण आम्हा दोघांचे पाय खरे थांबले ते विहिरींपाशी. दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशी नावं आहेत, बाव म्हणजे विहीर. चारही बाजूंनी खारं पाणी, लाटा तटावर आपटताहेत आणि आतल्या विहिरीला गोडं पाणी! हे कठड्यावर वाकून म्हणाले, "अवं पाय बरं, आपल्याइकडं दोनशे फूट बोअर मारून फुफाटा निघते, अन् इथं समुद्राच्या मधात पानी हाये." बेटावर मुरलेलं पावसाचं पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असते, ते खाली खाऱ्यावर तरंगून राहते, म्हणून बेताबेतानं उपसलं तर गोडं मिळत राहते, जोरानं उपसा केला की खारं वर येते. साडेतीनशे वर्षांपूर्वी बेट निवडताना ज्यांनी आधी पाणी पाहिलं त्यांच्याबद्दल मला फार वाटलं. पाण्यासाठी जन्म घालवलेल्या माणसालाच ते कळते.

तिथून देवबागला गेलो, कर्ली नदी समुद्राला मिळते तो संगम पाहिला, गर्दी होती, लगेच फिरलो.

संध्याकाळी टाकीत पाणी भरायला रस्त्याकडंच्या एका घरी थांबलो. मावशी बाहेर आल्या, "खंयसून इलात?" म्हणजे कुठून आलात. यवतमाळ म्हटल्यावर त्यांनी बसायला खुर्च्याच आणल्या. पाणी भरा म्हणाल्या, पण आत्ताच भरा, एप्रिलात बाव सुकता. मला खरंच वाटेना. इथं वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, आमच्या यवतमाळात ९००च्या आसपास, आणि विहिरी दोघांच्याही आटतात? यांनी मग वाडीत फिरून जमीन पाहिली. सगळा जांभा दगड, भोकाभोकांचा, पाणी धरून ठेवत नाही, पडलं की झिरपून उताराला लागते आणि समुद्रात जाते. आपली काळी माती निदान ओल धरते, पण पावसानं दडी मारली की तीच भेगाळते. मावशींचे मालक आणि हे शेततळ्यावर बोलत बसले, जांभ्यात प्लास्टिक टाकल्याशिवाय थेंब राहत नाही, अनुदान कसं मिळते, पंप कोणता, अंधार पडला तरी उठायचं नाव नाही.

निघताना मावशींनी कोकमाच्या आगळाची बाटली दिली. माझ्याकडं घरच्या तुरीची डाळ होती, जात्यावर भरडलेली, ती दिली आणि कशी शिजवायची, किती वेळ भिजवायची, हिंग-लसणाची फोडणी कशी द्यायची ते सांगितलं, त्यांनी ते पोरीच्या मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतलं.