दुसऱ्याची यादी

वर्षातल्या बाकीच्या शनिवार-रविवारांचं काहीही होवो, जुन्या पुस्तकांच्या जत्रेचे दोन दिवस आमच्या वाचक मंडळात कुणी दुसऱ्या कशाला देत नाही. लग्नकार्यं निघतात, पाहुणे येतात, कुणाची बदली होते, तरी त्या शनिवारी सकाळी सगळे हजर असतात. मंडळाचे इतर कार्यक्रमही होतात. वर्धापनदिन होतो, व्याख्यानं होतात, त्यांचे फोटो निघतात. पण मंडळातली दोन जुनी माणसं भेटली की बोलणं जत्रेवरच येऊन थांबतं.

जत्रेला जाण्याची आमची एक रीत आहे. निघताना प्रत्येकानं आपल्याला हव्या असलेल्या पुस्तकांची यादी चिठ्ठीवर लिहायची, सगळ्या चिठ्ठ्या एका पिशवीत टाकायच्या आणि हाताला जी येईल ती उचलायची. शनिवारचा अख्खा दिवस त्या दुसऱ्याच्या यादीसाठी. स्वतःसाठी काय शोधायचं ते रविवारी.

नव्या सभासदांना हे सुरुवातीला जड जातं. इतक्या लांबून यायचं, समोर ढीगच्या ढीग पडलेले, आणि शोधायचं काय, तर कुणाची तरी वनस्पतींची पुस्तकं! पण दुपारपर्यंत तेच लोक त्या ढिगाशी उकिडवे बसलेले दिसतात. आयुष्यभर कविता वाचलेला माणूस रेडिओ दुरुस्तीची पुस्तकं चाळतो. हिशेबनीस बाई नाटकांच्या संहिता वेगळ्या काढतात. ज्या विषयाकडे आपण कधी मान वळवून पाहिलं नसतं, त्याच्यापुढे तास दोन तास बसावं लागतं, आणि तेही एका ओळखीच्या माणसाचा चेहरा डोळ्यांपुढे ठेवून.

एका वर्षी माझ्या हाती आमच्या सरांची चिठ्ठी आली. सर विज्ञान शिकवायचे. यादीत पहिलीच ओळ होती: 'ग्रहमाला, पण प्लूटो नसलेली.' मला वाटलं, यात काय अवघड! हल्लीच्या सगळ्याच पुस्तकांत ग्रह आठ असतात. सर म्हणाले, "2006 नंतरचं नको. 1930 च्या आधीचं हवं." मग त्यांनी समजावून सांगितलं. क्लाइड टॉम्बॉ या तरुणाला 1930 च्या फेब्रुवारीत प्लूटो सापडला, तेव्हापासून पुस्तकांत ग्रह नऊ झाले. 2006 च्या ऑगस्टमध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघानं ग्रहाची व्याख्या ठरवली आणि ते परत आठ झाले. म्हणजे आठ ग्रहांची पुस्तकं दोन काळांतली, मधे शहात्तर वर्षांचं अंतर. सरांना त्यातला अलीकडचा काठ नको होता, पलीकडचा हवा होता.

मी दिवसभर खगोलाची पुस्तकं उघडत राहिले. त्या दिवशी किती शिकले! नेपच्यून 1846 मध्ये सापडला तो आधी कागदावर, गणितानं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. संध्याकाळी, दुकानं आवरायच्या वेळेला, एका फाटक्या कापडी बांधणीच्या पुस्तकात ग्रहांचा तक्ता नेपच्यूनपाशी संपलेला दिसला. खाली लेखकानं लिहिलं होतं की त्यापलीकडे आणखी एखादा ग्रह असावा असं काही ज्योतिर्विदांना वाटतं आणि त्याचा शोध चालू आहे. मी ते पुस्तक सरांच्या हातात दिलं. त्यांनी तेवढा एक परिच्छेद दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "मुलांना हेच दाखवायचं होतं गं. माहीत नसताना माणसं कशी लिहितात, ते." त्या क्षणी मला जो आनंद झाला तो स्वतःसाठी घेतलेल्या कुठल्याही पुस्तकानं दिलेला नाही.

पुस्तकाकडे वस्तू म्हणून बघायला आम्हाला शिकवलं ते मंडळातल्या काकांनी. काका छापखान्यात जुळारी होते, खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, जुळवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. त्यांच्याबरोबर जत्रेत फिरणं हा एक अभ्यासवर्गच. पुस्तक हातात आलं की ते आधी वाचत नाहीत. पान उलटून मागच्या बाजूनं बोट फिरवतात. खिळ्यांवर छापलेलं असेल तर अक्षर कागदात रुतलेलं असतं, त्याचा उठाव पाठीमागे बोटाला लागतो. ऑफसेटमध्ये शाई रबरी रुळावरून कागदावर उतरते, म्हणून ते पान सपाट. डोळे मिटून काका सांगू शकतात की हे पान कशावर निघालंय. आम्ही सगळ्यांनी हे करून बघितलं. आता तर सवयच लागली आहे.

मग ते फर्मे मोजायला लावतात. मोठ्या कागदावर दोन्ही बाजूंनी मिळून सोळा पानं छापायची, घडी घालायची, शिवायची: हा एक फर्मा. अशा फर्म्यांचं पुस्तक होतं. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी, अगदी कोपऱ्यात, बारीक आकडा असतो, बांधणाऱ्याला क्रम कळावा म्हणून. सगळ्याच पुस्तकांत तो सापडत नाही, पण असला तर जुनं पुस्तक घेताना आधी ते आकडे बघावेत. एखादं पान फाटलं तर लगेच दिसतं. अख्खा फर्मा गेला की शिवण तशीच राहते आणि पुस्तक वरून धडधाकट दिसतं.

आवृत्ती ओळखण्याच्या त्यांच्या खुणाही ठरलेल्या. बऱ्याच परदेशी पुस्तकांच्या श्रेयपानावर, म्हणजे प्रकाशक-आवृत्तीची माहिती असते त्या पानावर, दहापासून एकपर्यंत आकड्यांची ओळ असते आणि नवं मुद्रण निघालं की त्यातला सगळ्यात लहान आकडा काढून टाकतात. उरलेल्यांतला जो लहान, ते त्या प्रतीचं मुद्रण. आयएसबीएन क्रमांकाची पद्धत 1970 ची, तेव्हा त्यात दहा अंक असत, 2007 पासून तेरा झाले. साल छापायचं राहून गेलेल्या पुस्तकाचं वय एवढ्यावरूनही बरंच आटोक्यात येतं.

काकांच्या जोडीला ताई. त्या ग्रंथालयात होत्या. ताई पुस्तक उघडतात आणि आधी नाकाशी नेतात. जुन्या पुस्तकाच्या वासावर आम्ही सगळेच जीव टाकतो, पण ताईंना त्या वासात पुस्तकाची प्रकृती कळते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी 2009 मध्ये यावर काम केलं, हे त्यांनीच सांगितलं. कागद जुना होताना त्यातून वायुरूप द्रव्यं बाहेर पडतात. त्या वासात गवताची छटा असते, थोडा आंबटपणा असतो आणि व्हॅनिलाची झाक असते. ती द्रव्यं तपासली तर पानाचा तुकडाही न कापता कागद कितपत खंगलाय हे कळतं. पिवळा पडतो तो मुख्यतः लाकडाच्या लगद्याचा कागद, कारण लाकडातलं लिग्निन उजेड आणि हवा लागून बदलतं. त्याआधीचा, चिंध्यांपासून केलेला कागद दोन-दोनशे वर्षं पांढरा राहिलेला दिसतो. जुनं ते लवकर मोडणारं, हा हिशेब कागदाच्या बाबतीत उलटा पडतो, आणि मला हे फार आवडतं.

व्हॅनिलाचा वास आला तर ताई हसतात. ओलसर, कुबट वास आला तर पुस्तक सरळ बाजूला ठेवायला लावतात, मग ते कितीही दुर्मीळ असो. बुरशी एका पुस्तकापाशी थांबत नाही, कपाटभर पसरते. कसरीचं मात्र त्यांना भय नाही. पुस्तक हवाबंद पिशवीत घालून उणे वीस अंशांच्या आसपास आठवडाभर गोठवलं की किडे आणि त्यांची अंडी मरतात, संग्रहालयंही हाच उपाय करतात. बुरशी त्यानं मरत नाही, नुसती झोपते. हा फरक ताई दर वर्षी नव्यानं सांगतात आणि सांगायलाच हवा.

रात्री मुक्कामाच्या ठिकाणी सगळ्यांची पुस्तकं मधोमध मांडली जातात. ज्याची यादी ज्याच्याकडे होती, त्यानं त्याला हिशेब द्यायचा. खरं सांगायचं तर यादीतलं पुस्तक न मिळण्याचंच प्रमाण जास्त. पण रिकाम्या हातानं कुणी येत नाही. "तुझं नाही मिळालं रे, पण त्याच्या शेजारी हे होतं," असं म्हणत माणसं पुस्तक पुढे करतात. दिवसभर आपली यादी खिशात घेऊन फिरलेल्या माणसानं आपल्यासाठी निवडलेलं हे शेजारचं पुस्तक! माझ्या कपाटातली मला सगळ्यात प्रिय असलेली पुस्तकं अशी आलेली आहेत. मी ती कधीच मागितली नव्हती. पक्ष्यांच्या घरट्यांवरचं एक आहे, दीपगृहांवरचं एक आहे. माझ्यात असली काही आवड आहे हे मला कळायच्या आधी माझ्या मित्रांना कळलं होतं.

अशाच एका रात्री नकाशांचं पुस्तक निघालं. मुखपृष्ठ गेलेलं, श्रेयपान गेलेलं, साल कुठेच नाही. मग सगळे त्याच्यावर ओणवे झाले. दोन जर्मनी आहेत, म्हणजे 1949 नंतरचं आणि 1990 च्या आधीचं. सिलोन आहे, श्रीलंका नाही, म्हणजे 1972 च्या आधीचं. पूर्व पाकिस्तान आहे, तेव्हा 1971 च्याही आधीचं. घाना आहे, म्हणजे 1957 नंतरचं. मग कुणीतरी म्हणालं, आफ्रिकेत बघा, तिथे वर्षावर्षाला रंग बदलत होते. अल्जीरियाला स्वतःचा रंग होता, म्हणजे 1962 चा जुलै उलटून गेलेला. युगांडाही स्वतंत्र दाखवलेला, म्हणजे त्याच वर्षीचा ऑक्टोबरही उलटलेला. केनिया मात्र अजून ब्रिटिश. केनिया 1963 च्या डिसेंबरात सुटला. शेवटी आशियात मलाया आणि उत्तर बोर्निओ वेगवेगळे सापडले, मलेशिया झालेला नव्हता. तो सप्टेंबर 1963 चा. टाळ्या पडल्या. ऑक्टोबर 1962 ते सप्टेंबर 1963, एवढ्या एका वर्षाच्या फटीत ते पुस्तक बसलं.

काकांनी तेवढ्यात सावध केलं, "नकाशे करणारा सुस्त असला तर? आधीचं नाही एवढं नक्की म्हणा. नंतरचं असू शकतं." बरोबरच होतं. पण त्या रात्री मला वाटलं, देश स्वतंत्र होण्याची बातमी अशी रंगांमधून, एकेक करत, मोठ्यानं वाचलेली मी कधी ऐकली नव्हती. शाळेत इतिहास असा शिकवला असता तर किती बरं झालं असतं.

असल्या रात्रींना गप्पा हमखास पुस्तकांच्या गावांकडे वळतात. वेल्समधलं हे-ऑन-वाय सगळ्यांच्या मनात आहे. तिथल्या रिचर्ड बूथ नावाच्या पुस्तकविक्रेत्यानं साठच्या दशकात जुन्या पुस्तकांची दुकानं काढली आणि 1 एप्रिल 1977 ला गाव स्वतंत्र राज्य असल्याचं जाहीर करून स्वतःला राजा म्हणवून घेतलं. त्या गावाचं पाहून बेल्जियममधलं रेदू 1984 मध्ये पुस्तकांचं गाव झालं, मग इतर देशांतही अशी गावं झाली. पॅरिसमध्ये सीन नदीच्या कठड्यांवरच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांच्या हिरव्या पेट्या 2024 च्या ऑलिंपिकच्या उद्घाटनासाठी हलवायचं घाटत होतं. विक्रेते अडून बसले आणि त्या वर्षीच्या फेब्रुवारीत सरकारनं तो बेत सोडला. ही बातमी आली त्या दिवशी आमच्या मंडळात लोकांनी एकमेकांना फोन केले होते. तिथे कुणीच गेलेलं नव्हतं, तरी आपल्याच घरचं काही वाचल्यासारखं वाटलं.

रविवारी परत निघण्याआधी वाचन. प्रत्येकानं आपल्या नव्या-जुन्या पुस्तकातलं एक पान वाचायचं, एवढंच. त्या एका पानावर माणसं किती तयारी करतात! एका वर्षी आमच्या एका मैत्रिणीनं रहस्यकथेचं पहिलं पान वाचलं आणि सगळे थांबलेच. अजून, अजून, असं करत तिनं पहिलं प्रकरण संपवलं. पुस्तकाचा शेवटचा फर्मा गेलेला होता. काकांनी जत्रेतच आकडे बघून तसं सांगितलं होतं आणि तरीही तिनं ते घेतलं, कारण पहिलं पान तिला सोडवेना. वर्षभर ते पुस्तक मंडळात हातोहात फिरलं. सगळे शेवटच्या सोळा पानांपाशी येऊन अडायचे. खुनी कोण यावर मासिक बैठका रंगल्या. डॉक्टर म्हणणारे एका बाजूला, भाचा म्हणणारे दुसऱ्या. ताईंनी एकटीनं नोकराणीचं नाव घेतलं आणि कारणंही दिली.

पुढच्या वर्षी सगळ्यांच्या चिठ्ठ्यांवर तेच एक नाव होतं. त्यामुळे चिठ्ठ्या बदलून उपयोग नव्हता, सगळेच सगळ्यांसाठी शोधत होते. रविवारी दुपारी नुकताच सभासद झालेला एक कॉलेजचा मुलगा धावत आला. प्रत पूर्ण होती. काकांनी फर्मे मोजले, मान डोलावली, आणि शेवटची सोळा पानं तिथेच, जत्रेच्या मांडवात उभ्या उभ्या, त्या मुलानं वाचली. आजूबाजूचे विक्रेतेही ऐकायला थांबले होते. नोकराणीच होती. ताईंना आम्ही डोक्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं.

दोन्ही प्रती आता मंडळाच्या कपाटात शेजारी शेजारी आहेत. नव्या सभासदाला आधी अपुरी प्रत देतात. तो काय म्हणतो ते वहीत लिहून घेतात आणि मगच दुसरी हातात ठेवतात.